सिद्धम्माच्या रानातली राहुटी

मी राहुटी बोलतेय. तंबू म्हणू नका. तंबू लग्नाला आणतात आणि वरात गेली की गुंडाळून परत पाठवतात. मी माणसं राहावीत म्हणून शिवलेली, म्हणून राहुटी. आता माझ्या छताचं एकच पाखं उरलंय, तेही विरलेलं. त्यावर हिरव्या लुगड्याचं एक ठिगळ आहे. त्या ठिगळासाठीच तर हे सगळं सांगतेय.

माझा जन्म नांदेडचा, बहात्तर सालचा. त्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं नाही. ठिकठिकाणी दुष्काळी कामं निघाली, आणि कामावरच्या साहेबांना उन्हात बसवणार कसं, म्हणून खाकी जाड कापडाच्या चाळीस राहुट्या एकदम शिवायला टाकल्या. मला शिवणारा म्हातारा शिंपी शेवटचा टाका ओढताना म्हणाला होता, "जाय बाई. भिजायचं तुज्या नशिबात दिसत न्हाई. उन्हाला पुरून ऊर." त्याचं म्हणणं मी अक्षरशः पाळलंय.

ट्रकमध्ये पडून मी शिरूर अनंतपाळकडे आले. तिथल्या घरणी नदीवर मातीचा बंधारा घालायचं काम चाललं होतं. नदी म्हणजे नुसती वाळू. माझ्यात ओव्हरसियर शेषेराव राहायचे. एक खाट, एक टेबल, नकाशांची गुंडाळी आणि पाण्याचा माठ एवढा त्यांचा संसार. बाहेर चारशे माणसं खडी फोडायची. एका माणसाला सावली आणि चारशे माणसांना ऊन, हा हिशोब मला पहिल्या दिवसापासून पटला नाही. पण राहुटीला विचारतो कोण?

त्या चारशेंत सिद्धम्मा होती. बंधारा जिथं उठत होता ते रान तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, धोंडप्पाचं. कागदावर अंगठे झाले आणि रान कामाखाली गेलं. त्याच रानात ती दोघं आता खडी फोडायला बसायची. तिला तीन महिन्यांची मुलगी होती, गुरम्मा. पोर उन्हानं वाळत चाललेलं. एके दिवशी शेषेराव तपासणीला गेलेले बघून सिद्धम्मा सरळ आत शिरली, माझ्या मधल्या खांबाला तिनं झोळी बांधली आणि पोर त्यात टाकून कामावर गेली.

शेषेराव परत आले आणि भडकले.

"सरकारी राहुटी हाय ही. कुणाला इचारून झोळी बांधलीस?"

सिद्धम्मा हातोडा घेऊनच आली. तिनं आवाज चढवला नाही. "रान घेतलाव तवा मला कुणी इचारलं? रान माजं, सावली तुमची. मग सावलीला मी कामून इचारू?"

शेषेराव माणूस वाईट नव्हता, फक्त सरकारी होता. त्यांनी झोळीकडे पाहिलं, खाट थोडी कडेला ओढली आणि नकाशा उघडून बसले. त्या दिवसापासून झोळी तिथंच राहिली. मी मात्र त्याच दिवशी ठरवून टाकलं की माझ्यावर शिक्का कुणाचाही असो, मी सिद्धम्माची.

पुढे वावटळीत माझं एक पाखं फाटलं. शेषेरावांनी नवं कापड मागवायला अर्ज लिहिला. अर्जाचं उत्तर येईपर्यंत पोराच्या अंगावर ऊन आलं असतं. सिद्धम्मानं आपल्या हिरव्या लुगड्याचा तुकडा फाडून मला ठिगळ लावलं. अर्जाचं उत्तर अजून यायचंय.

आता येळवशीचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथंच आहे. पुस्तकात तिला वेळ अमावस्या म्हणतात. लातूर भागात मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला घरात कुणी थांबत नाही. गावं ओस पडतात. जो तो आपल्या रानात जातो, कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून कोप करतो, कोपीत चुना लावलेले पाच दगड मांडतो, ते पाच पांडव. पूजा होते, आंबील शिंपडतात, आणि दिवसभर रानातच जेवण. वाटेनं चाललेल्या अनोळखी माणसालाही हाताला धरून बसवतात. शहरची मंडळी अलीकडे ज्याला कॅम्पिंग म्हणून नाचतात ना, ते आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. फक्त आम्ही त्याची पाटी लावली नाही.

सिद्धम्माचं एकच म्हणणं होतं: ज्या रानात येळवस होत नाही ते रान परकं होतं. लग्न होऊन आल्यापासून तिनं एकही येळवस चुकवली नव्हती. दुष्काळाच्या साली कडबा कुठून आणणार? असेल नसेल तो बैलांनी खाल्ला, आणि मग बैलही गेले. त्या दिवशी ती शेषेरावांपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, आज ही राहुटी आमची कोप." विचारलं नाही, सांगितलं. फोडलेल्या खडीतलेच पाच दगड माझ्या पोटात मांडले. कामावर वाटलेल्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, पिठाची आंबील केली, ताक नव्हतं म्हणून चिंचेचं पाणी घातलं. धोंडप्पानं ती माझ्याभोवती शिंपडली आणि कोरड्या नदीत त्याची येळवशीची आरोळी घुमली, "ओलगे ओलगे, सालम पोलगे." शेषेरावांनी ती आंबट आंबील दोनदा मागून घेतली. असा मान मला पुन्हा मिळाला तोही सिद्धम्माच्याच हातून.

बंधारा झाला, पुढं पाऊसही झाला. सिद्धम्माचं बहुतेक रान पाण्याखाली गेलं. काठाची एक पट्टी कोरडी राहिली. कागदावर ती सरकारची, पण तिथं सिद्धम्मा येळवस करायची आणि कुणी काही म्हणत नव्हतं. मी मात्र गोदामात गेले. दहा वर्षं उंदरांच्या बाळंतपणासाठी मला वापरण्यात आलं. त्याचं मी काही मनावर घेत नाही, तीही लेकरंच.

मग उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला. नवी नवरी जशी घरातली भांडी घासून काढते तसं नव्या जिल्ह्यानं सगळं घासायला काढलं. बाहेरून नवे अधिकारी आले. त्यातले साताऱ्याकडचे भोईटे साहेब, हौशी माणूस. घरणीकाठची ती पट्टी त्यांच्या नजरेत भरली. झाडं लावली, बाकं ठेवली, तीन बाजूंनी काटेरी तार ओढली आणि पाटी ठोकली: 'नदीकाठ विहार केंद्र. परवानगीशिवाय प्रवेश बंद.' पाच नव्या निळ्या राहुट्या आल्या. सहावी कमी पडली म्हणून मला गोदामातून ओढून काढलं. दहा वर्षांनी डोळे उघडले तर मी सिद्धम्माच्याच रानात उभी. आनंदानं माझ्या दोऱ्या ताठल्या.

पण सिद्धम्मा तारेबाहेर होती. तिनं कचेरीत जाऊन विचारलं तर अर्ज आणायला सांगितलं. ती म्हणाली, "आपल्याच रानात जायला अर्ज? मग घरात शिरतानी बी लिवून आनू का?" आणि निघून आली. हे मला केंद्राचा रखवालदार महादेवप्पा कुणाशी तरी बोलताना कळलं. येळवस महिन्यावर आली होती. मला काळजी लागली. दुष्काळातही न चुकलेली येळवस आता पाणी भरल्या नदीकाठी चुकणार की काय?

भोईटे साहेबांना केंद्राचं पहिलं शिबिर भरवायचं होतं. त्यांनी सुट्ट्यांची यादी काढली. एका तारखेपुढं लिहिलं होतं 'स्थानिक सुट्टी'. साहेब खूश. सुट्टी कशाची, हे त्यांनी पाहिलं नाही. महादेवप्पानं सांगून पाहिलं, "साहेब, त्या दिवशी येळवस हाय जी." साहेब म्हणाले, "असू दे की, सगळे मोकळेच असतील मग!" वरच्या माणसाला दोनदा सांगायचं नाही, ही महादेवप्पाची शिस्त.

आदल्या संध्याकाळी बाहेरगावाहून बदलून आलेले अधिकारी, त्यांच्या बायका, मुलं असे तीसेक जण आले. सोबत आणलेले डबे खाल्ले, शेकोटी केली, गाणी म्हटली. घर सोडून आलेली माणसं काय काय करतात ते मी त्या दिवशी पाहिलं. एका बाईनं माझ्यात दिव्याचं बटण शोधलं. एकानं खिशातला पेन काढून माझ्या दारावर आपलं नाव लिहिलं. स्वतःच्या घराच्या भिंतीवर लिहिलं असतं का?

सकाळी उठले तो चहा नाही. आचारी पहाटेच रानात गेलेला. दूधवाला आला नाही. जीपचा चालक आपल्या गावी. आणि फाटकाला बाहेरून कुलूप! गावकऱ्यांना आत सोडायचं नाही, असा साहेबांचाच हुकूम होता. महादेवप्पानं तो तंतोतंत पाळला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि बायकोपोरांना घेऊन आपल्या रानात येळवशीला गेला. नदीला उतार कुठं आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आजूबाजूच्या शिवारात हाक मारावी तर जो तो आपल्या कोपीत दंग. अकरा वाजले तशी मुलं भुकेनं रडायला लागली. साहेब तारेजवळ येरझाऱ्या घालत होते. मला वाईट वाटलं असं खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात नदीच्या बाजूनं सिद्धम्मा आली. त्या बाजूला तार नव्हती, नदीला कोण तार घालणार? गुडघाभर पाण्यातून ती, डोक्यावर जेवणानं भरलेली भलीमोठी पाटी. मागं धोंडप्पा, आंबिलीनं भरलेलं मातीचं बिंदगं डोक्यावर सांभाळत. सोबत भाऊबंद, कडेवर पोरं. ती थेट माझ्याकडे आली आणि थबकली. तिनं ठिगळावरून हात फिरवला. केस पिकले होते, हात तोच होता. "हिथं हाईस व्हय?" एवढंच म्हणाली.

पाटी उतरवून तिनं पाच दगड काढले तसे भोईटे साहेब दारात आडवे आले. "बाई, इथं परवानगी लागते. ही सरकारी राहुटी आहे."

अकरा वर्षांनी तेच वाक्य. सिद्धम्मा हसली. "साहेब, हिच्या अंगावर माजं लुगडं हाय. तुमचं काय हाय?"

साहेबांच्या मागं त्यांची लहान लेक बापाचा सदरा धरून रडत होती. सिद्धम्मानं तिच्याकडे पाहिलं. "लेकरू कामून रडून राहिलंय?"

"सकाळपासून काही खाल्लं नाही तिनं," साहेबांची बायको म्हणाली. "आम्ही कुणीच नाही."

सिद्धम्मानं कमरेला हात लावले. "येळवशीला आपल्या रानात आल्यालं मानूस उपाशी जाऊ देत न्हाईत आमी. तुमी माज्या रानात आलाव. मनजे पाव्हणे तुमी हाव, साहेब. पूजा होऊ द्या, मग बसा. आन्‌ कोपीच्या दारात बूट चालत न्हाई."

तीस माणसं साहेबांकडे पाहत होती. साहेब खाली बसले. बुटाची नाडी दवानं ओली होऊन घट्ट बसली होती, ती सोडायला त्यांना बराच वेळ लागला.

मग माझ्या पोटात पुन्हा पाच पांडव बसले. धोंडप्पानं आंबील शिंपडली, या वेळी खऱ्या ताकाची. बाहेर पंगत बसली. डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, भरीत, गव्हाची खीर. साताऱ्याच्या साहेबांनी भज्जी तिसऱ्यांदा घेतली तेव्हा सिद्धम्मा म्हणाली, "पोट भरूनश्यान खावा. अर्ज लागत न्हाई." सगळे हसले, साहेबही हसले, पण कान लाल करून.

जेवणानंतर साहेबांनी डायरीतलं पान फाडलं. त्यावर लिहिलं की दर वर्षी या दिवशी सिद्धम्माला केंद्रात येण्याची परवानगी असेल. सही केली, वाचून दाखवलं आणि मोठ्या मनानं पुढं धरलं.

सिद्धम्मानं ते घेतलंच नाही. "ह्ये नको, साहेब."

"अहो, तुमच्याच सोयीचं आहे."

"परवानगी घेतली की रान तुमचं झालं. आज मी कुणाला न इचारता आले. फुडच्या साली बी तशीच येनार." तिनं कागद त्यांच्याच हातात राहू दिला, वर खिरीची वाटी ठेवली. "ही मातर घ्या."

साहेबांनी खीर घेतली. ते जिल्ह्यात होते तोवर दर येळवशीला मला त्याच जागी उभी करायची आणि फाटक उघडं ठेवायचं, असा तोंडी हुकूम होता. सिद्धम्मा मात्र फाटकातून कधीच आली नाही. ती नदीतूनच यायची.

वर्षं गेली. साहेब बदलले, झाडं वाळली, बाकं मोडली. धोंडप्पा गेला, मग सिद्धम्माही गेली. माझ्याविषयी एका यादीत लिहिलं, 'जीर्ण, निरुपयोगी.' काठाची ती पट्टी एका खासगी माणसाला चालवायला दिली. त्यानं चकचकीत नायलॉनचे घुमट उभे केले, नदीच्या बाजूनंही तार ओढली आणि मला गुंडाळून तारेबाहेर फेकलं. मी दोन दिवस चिखलात पडून होते. तिसऱ्या दिवशी एक बाई आली. माझ्या खांबाला जिची झोळी होती ती गुरम्मा, आता स्वतः आजी झालेली. चांगलं होतं तेवढं पाखं तिनं कापून घेतलं, धुतलं, घरी नेलं.

त्या वर्षीच्या येळवशीला ती पाटी घेऊन नदीतून आली. तारेपाशी थांबली. कमरेचा विळा काढून खालच्या दोन तारा तिनं वर उचलून धरल्या, आधी नातवंडं आत घातली, मग पाटी, मग मी, शेवटी स्वतः. कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या केल्या आणि कोपीवर शाल पांघरतात तसं मला पांघरलं, ठिगळ वरच्या अंगाला. रखवालदार धावत आला. गुरम्मा त्याला म्हणाली, "जेवलास का?" तो तिथंच घुटमळला. त्याचीही येळवस रखवालीपायी चुकली होती. तो बसला.

तेव्हापासून दर साली हेच. ती तार दर साली नीट करतात, आम्ही दर साली उचलतो. माझं कापड आणखी किती येळवशी टिकेल ठाऊक नाही. नांदेडच्या म्हाताऱ्यानं उन्हाला पुरून उरायला सांगितलं होतं, तारेचं काही बोलला नव्हता. ते मी माझं मी ठरवलं.

तुम्ही कधी घरणीकाठी मुक्कामाला आलात, नायलॉनच्या घुमटात झोपलात, तर खुशाल झोपा. अमावस्येला भज्जीचा वास आला की या. उपाशी कुणाला पाठवत नाही आम्ही. फक्त चपला बाहेर काढा. रान सिद्धम्माचं आहे, पाव्हणे तुम्ही आहात.