हाकेनंतरची जागा

गयासने ब्लेड फितीवर तिरके धरले, श्वास रोखला आणि कापले. दीड-दोन हात लांबीचा तपकिरी तुकडा वेगळा झाला. त्याची दोन्ही टोके जुळवून त्याने मागून पांढरी चिकटपट्टी लावली आणि नखाने दाबली. आता त्या फितीला सुरुवातही राहिली नव्हती आणि शेवटही. त्या वळ्याची एक बाजू टेपरेकॉर्डरच्या खाचेतून घेऊन दुसरी त्याने स्टुलावरच्या शाईच्या दौतीला अडकवली आणि बटण दाबले.

"हाऽऽव... ये, ये, ये... हुर्र्रर्र!"

हाक संपली न संपली तोच पुन्हा सुरू झाली. मग पुन्हा. जिची ती हाक होती, ती सखूबाई समोरच चटईवर बसली होती. आधी ती हसली. मग पदर तोंडाशी नेऊन दाराकडे पाहायला लागली, आणि सहाव्या का सातव्या फेऱ्याला तिने दोन्ही हात वर केले.

"बंद करा ओ, भाऊ. लई झालं."

गयासने बटण सोडले.

त्र्याहत्तर सालचा एप्रिल होता. हर्सूलच्या तळ्याचा तळ उघडा पडला होता आणि त्याच अंगाच्या रस्त्यावर दुष्काळी कामावर सखूबाई खडी फोडत होती. तिला आज गयासच्या शहागंजातल्या या दोन खोल्यांच्या घरात आणले होते तिच्या भाच्याने, अंगदने. अंगद कचेरीत कारकून, पण सगळा जीव नाटकात. नव्या नाटकात पडदा उघडल्यापासून एक धनगरी हाक सारखी येत राहावी आणि तिच्यावर ढोलक वाजावा, असे त्याच्या मनात होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गयासकडे स्पूलचा टेपरेकॉर्डर आहे आणि तो फितीला फीत जोडून एकच आवाज तासभर फिरवत ठेवतो, हे त्याने कुठेतरी ऐकले होते. गयास त्या जोडलेल्या फितीला 'चक्कर' म्हणे. पंख्याची घरघर, घड्याळाची टिकटिक, सायकलची घंटी, अशा किती चकरा त्याने उगाच करून पाहिल्या होत्या. तेच ते पंधरा-वीस वेळा ऐकले की त्यातून ठेका वर येतो, हे त्याचे त्यालाच कळले होते.

"काय चुकलं, मावशे?" अंगदने विचारले.

"हे असं नसतंय," सखूबाई म्हणाली. "हाक मारली की गप बसायचं असतंय. मेंढराला मान वळवायला टाइम नको व्हय? ही बया नुसती कोकलत सुटलीया. अशानं जनावर बुजतं. जवळ येत नाय."

"अगं, हे नाटकासाठी हाय. मेंढरं कुठं येणारेत आता?"

बोलून गेल्यावर अंगदने जीभ चावली. सखूबाईची चाळीस मेंढरे होती. काही चाऱ्यावाचून बसली ती उठली नाहीत, उरलेली तिच्या नवऱ्याने, बिरूने, मागच्या दिवाळीआधी बाजारात नेली. तिने बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या सारख्या केल्या.

"किती वेळ गप बसायचं, मावशी?" गयासने हळूच विचारले.

"ते असं सांगता नाय येत."

"मग करून दाखवा."

ती उठली. चटई, पलंग, रेडिओंची उघडी खोकी ओलांडून दाराशी गेली आणि गल्लीकडे तोंड करून तिने भरल्या गळ्याने हाक मारली. समोरचा पत्र्याचा कारागीर हातोडी तशीच वर धरून बघत राहिला. सखूबाई वाट बघत उभी होती. तिची मान एका बाजूला कलली होती आणि डोळे अर्धे मिटले होते. गयासचे लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे होते.

"हां. आता दुसरी मारायची," ती म्हणाली.

अकरा सेकंद झाले होते.

गयासने अकरा सेकंदांची कोरी फीत मोजून कापली आणि हाकेच्या तुकड्याला जोडली. आता त्या चकरेला दोन पांढऱ्या पट्ट्या झाल्या होत्या, एक हाक सुरू होण्याच्या जागी, एक हाक संपण्याच्या. फीत इतकी लांबली की दौतीचे स्टूल सरकवत पलंगाच्या पायापर्यंत न्यावे लागले.

एवढा वेळ गयासची बायको नजमा यंत्राच्या बाजूला मांडी घालून, ढोलक गुडघ्याशी घेऊन बसली होती. शहागंज, गुलमंडी, थेट किराडपुऱ्यापर्यंतच्या लग्नघरांत बायकांच्या बैठकीला नजमाचा ढोलक असला की रात्र कशी सरली ते कळत नसे. आज वाजवशील का, हे तिला अंगदनेच समोर बसून विचारले होते. गयासने विचारले नव्हते. दोघांमध्ये वर्षभर बोलणे असे राहिलेच नव्हते. नजमाच्या भावाने चिकलठाण्याच्या नव्या कारखान्यात गयाससाठी नोकरी पाहिली होती. बांधलेला पगार, पुढेमागे राहायला पक्के घर. गयासने नको म्हटले. त्यानंतर केव्हापासून तरी, तो पुढच्या खोलीतून चहाला हाक मारी आणि आतून उत्तर येत नसे. दोनदा, तीनदा मारी. मग स्वतःच उठून जाई, तर ती पाठ करून भाकऱ्या थापत असे, जणू कुणी बोललेच नाही. माहेरचा शब्द मोडल्याचा राग असा किती दिवस धरायचा, असे त्याला वाटे. शेवटी त्यानेही हाक मारणे सोडले.

"पाणी मिळंल का, बाई?" सखूबाईने विचारले. पण विचारण्याआधी ती नजमाजवळ सरकली, तिच्या कोपराला हात लावला, आणि नजमाने वर पाहिल्यावरच बोलली. गयासला ते दिसले. खेड्यातल्या बायकांना अंगाला हात लावून बोलायची सवय असते, असे त्याच्या मनात आले.

नव्या चकरेत हाक आली आणि गेली. मग काहीच नाही. फीत फिरत होती. अंगद पुढे झुकला. त्या रिकाम्या अकरा सेकंदांत गल्लीतली सायकल, नळावरच्या घागरी, दूरची एक कोंबडी, सगळे ऐकू आले. आणि तेवढ्यात हाक पुन्हा आली.

"व्हय," सखूबाई म्हणाली. "आता बोलावतीया."

पहिल्या चार-पाच फेऱ्यांना नजमा नुसती यंत्राकडे बघत राहिली. मग तिचा हात ढोलकावर गेला. हाक चालू असताना तिने डाव्या हाताने एकच भरीव ठोका धरला, आणि हाक संपल्यावर तो सोडून दिला. थोडी थांबली. मग उजव्या हाताची नुसती बोटे, अगदी हलकी, विस्कळीत, जमिनीवर खूप पाय एकदम पडावेत तशी. ती दाट होत गेली, आणि पुढची हाक यायच्या आत गप्प झाली.

सखूबाईने चटईवर तळहात टेकला.

"आली गं," ती म्हणाली. "आली, बघ."

अंगदला आता धीर धरवेना. त्याने कुठून तरी मागून आणलेला दुसरा टेपरेकॉर्डर काढला, त्यावर हाक आणि ढोलक एकत्र घ्यायचे होते. पण समोर पत्र्यावर हातोडी सुरू झाली होती. "दहा मिनिटं थांब म्हणून सांगून येतो," असे म्हणत तो बाहेर गेला.

नजमा वाजवत होती. हाताला वळण पडावे म्हणून गयासने चक्कर चालूच ठेवली होती. दुसरी-तिसरी फेरी झाली असेल, स्पीकरमधून खरखर आली आणि आवाज गेला. तारेला दिलेला कथलाचा डाग सुटला असणार. फीत मात्र फिरत होती.

गयास यंत्रामागे वाकला. तार हातात धरली आणि तसाच थांबला.

ढोलक थांबला नव्हता.

डावा हात भरीव ठोका देत होता, जिथे हाक असायला हवी होती नेमका तिथे. मग तो सुटला. मग बोटे आली, दाट झाली, गप्प झाली. गयासने यंत्राच्या कडेवरून पाहिले. नजमाची नजर फितीवर होती. पांढरी पट्टी सरकत सरकत यंत्राच्या खाचेत शिरली आणि त्याच क्षणी डावा हात पडला. दुसरी पट्टी शिरली, हात उचलला गेला. मध्येच तिने मान वर करून सखूबाईकडे हसून पाहिले, चांगले जमते आहे ना, अशा अर्थाने.

स्पीकर मुका होता. एक फेरी. दुसरी. तिसरी.

गयासने सखूबाईकडे पाहिले. ती त्याच्याकडेच पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हते.

बाहेर पायरीवर अंगदच्या चपला वाजल्या. सखूबाईने फितीकडे एकदा पाहिले. पांढरी पट्टी खाचेशी आली, आणि तिने स्वतःच तोंड उघडले.

"हाऽऽव... ये, ये, ये... हुर्र्रर्र!"

नजमाचा ठोका बरोबर खाली बसला.

"वा गयासभाई!" अंगद आत येत म्हणाला. "काय आवाज येतोय! नुसत्या यंत्रातून असा येत नाही कधी."

"यंत्र बिघडलंय रे," सखूबाई म्हणाली. "म्हणून मी वरडतीया. दम धर जरा, भाऊ तार जोडत्यात."

गयासने डाग दिला. पहिल्यांदा तो बसला नाही. दुसऱ्यांदा त्याच्या बोटाला चटका बसला. नजमाने चटका बसलेला पाहिला आणि उठून ओल्या फडक्याची पट्टी आणून त्याच्या हातात दिली. नेहमी देई तशीच, न बोलता.

ध्वनिमुद्रण दोनदा झाले. दुसरे अंगदला इतके आवडले की त्याने ऐकता ऐकता डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाला. स्पूल फडक्यात बांधून तो पुढे झाला. सखूबाई चपला घालताना दारात रेंगाळली. नजमा आत कप विसळत होती.

"भाऊ, एक सांगू का?"

"सांगा, मावशी."

"बायकूला हाक मारायची तर समोर येऊन मारत जा."

"तुम्हाला कधी कळलं?"

"आल्या आल्याच. ती माझ्या तोंडाकडं बघत हुती. चांगलं माणूस हाय, कुणाला कळू देत नाय." ती पायरी उतरली. "जड नका घेऊ. जाते."

ऊन उतरले तरी गयास पुढच्या, दुकानाच्या खोलीत बसून होता. एक गिऱ्हाईक आले, त्याला त्याने उद्या ये म्हटले. मग तो आत गेला. नजमा पाठमोरी बसून ढोलकाला गवसणी घालत होती.

"नजमा," तो म्हणाला.

ती नाडी आवळत राहिली. तो वळसा घालून पुढे आला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग हातातली नाडी सोडली.

"वो बाई बोली क्या तुमकू?" तिने विचारले.

त्याने मान हलवली. नाही. मग पुढच्या खोलीतल्या यंत्राकडे बोट केले, आणि दोन बोटांनी तार तुटल्याची खूण केली.

नजमाने ओढणी कपाळावर ओढली. पण समोरून हलली नाही.

"कबसे?" त्याने विचारले. ओठ नीट उघडून, सावकाश.

तिने सांगितले. आवाज थोडा मोठा होता, आपला आवाज किती होतोय हे कळत नसणाऱ्याचा. गेल्या वर्षी थंडी सरताना आधी छपरावरच्या चिमण्या गेल्या. दूध उतू जातानाचा आवाज गेला, दोनदा दूध गेले तेव्हा कळले. मग पहाटेची, फजरची अजान. रेडिओवाल्याची बायको बहिरी, असे लोक म्हणतील, दुकानावर हसतील, म्हणून ती गप्प राहिली. माणसांच्या तोंडाकडे बघायला शिकली. ढोलकाचे मात्र काही अडले नाही, तो मांडीतून कळतो.

"और मैं?" गयास म्हणाला. "मैं इत्ता बुलाता था."

"तुमी?" नजमाच्या भुवया वर गेल्या. "मेरेकू लगा, तुमीच बोलना छोड दिये. भाईजान की नोकरी का जी में पकडके बैठे करके."

वर्षभर गयास एका बंद दारावर रागावला होता. त्याच दाराच्या आतून तीही तितकेच दिवस त्याच्या बोलण्याची वाट पाहत होती. त्याने चटका बसलेला अंगठा उगाच मुठीत दाबून धरला.

"कल घाटी के दवाखाने कू जायेंगे," तो म्हणाला. "कान दिखायेंगे."

"जायेंगे," ती म्हणाली. मग ढोलक बाजूला सरकवून ती थोडी पुढे आली. तिच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेले काहीतरी होते. खट्याळपणाच्या जवळचे. "पन पैले ये बताओ. साल भर में मेरेकू क्या क्या बोले तुमी?"

गयास विचार करू लागला. चहा आण, म्हणालो होतो. किल्ली कुठे आहे, विचारले होते. पाऊस आलाच नाही यंदा, हे तर रोजच. एकदा कुणाचा तरी जुना रेडिओ दुरुस्त झाला आणि त्यावर नेमके तिच्या आवडीचे गाणे लागले, तेव्हा तो जागेवरून ओरडला होता, ऐक, ऐक म्हणून. एकदा रागाने काही बोलला होता, ते आता कसे सांगायचे, हे त्याला कळेना.

खोलीतला उजेड कमी होत चालला होता. तो उठला, खिडकीची दोन्ही कवाडे उघडली आणि उरलेले ऊन तोंडावर पडेल असा तिच्यासमोर येऊन बसला.

"पैले," तो म्हणाला, "चाय मंग्या था."