सर्वात समाधानी नागरिक

शहराच्या तक्रार-ॲपची खरी कमाल एका नियमात होती. तक्रार आली की संबंधित खातं 'कार्यवाही केली' असं टाकायचं, मग नागरिकाला मेसेज जायचा : आपलं समाधान झालं का? तीन दिवसांत उत्तर आलं नाही, तर झालं असं धरायचं. संगणक विभागाच्या प्रमुखानं हा नियम चाचणीपुरता घातला होता. पण पहिल्याच महिन्यात समाधानाचा आकडा असा काही चढला, की नियम काढणं सगळ्यांच्याच जिवावर आलं. प्रमुखाच्याही.

आता राज्याच्या नावीन्यपूर्ण तंत्रज्ञान पुरस्कारासाठी ॲप शेवटच्या फेरीत पोचलं होतं. बक्षीस मिळालं तर प्रमुखाची बढती नक्की होती. मोठे साहेब आत्तापासूनच त्याला 'आमचे' म्हणू लागले होते.

परीक्षकांनी कळवलं, तुमच्या सर्वात समाधानी नागरिकाला आम्ही घरी जाऊन भेटू. नाव मात्र तुम्ही निवडायचं नाही, संगणकानं काढायचं.

संगणकानं काढलं. प्रमुखाची मावशी निघाली.

तो आधी हसला. मग त्यानं तपशील उघडला. गल्लीतल्या खांबावरचा दिवा लागत नाही, अशी मावशीची तक्रार होती. मग तीच पुन्हा. मग पुन्हा. दर तक्रारीला एक समाधान, या हिशेबानं अख्ख्या शहरात तिच्याइतकं सुखी माणूस नव्हतं. शेवटच्या समाधानानंतर आठवड्याभरातच ती औषधं घेऊन येताना त्या खांबापाशी पडली होती आणि हात मोडून बसली होती. हॉस्पिटलात प्रमुखानं तिला दटावलंही होतं, "जरा बघून चालत जा की गं!"

संध्याकाळी तो तिच्याकडे गेला.

"मावशी, दिव्याचं मला का नाही सांगितलंस?"

"तुला कशाला? घरचा माणूस आहे म्हणून रांग मोडायची होय? मी आपली रीतसर तक्रार केली."

"आणि मेसेज यायचे त्यांचं काय केलंस?"

"वा रे वा! अनोळखी मेसेजला हात लावायचा नाही म्हणून तूच दम दिलायस ना? आला की पुसला. आजवर एकालाही फसले नाही." मावशीनं हे वर्गात पहिली आल्यासारखं सांगितलं.

त्यानं मग तिला सगळं सांगितलं. ॲप, बक्षीस, बढती, उद्या सकाळी येणारे पाहुणे. शेवटी म्हणाला, "तू आपलं खरं काय ते सांग."

हे म्हणताना आपला चेहरा कसा झालाय ते त्याला दिसलं नाही. मावशीला दिसलं. त्याची आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. त्याच्या शब्दांची तिला फारशी गरज पडत नसे.

"बरं," ती म्हणाली.

सकाळी परीक्षक आले. अध्यक्षा म्हणजे एक निवृत्त सचिव, आणि सोबत कॅमेरा घेतलेला एकजण. मावशीनं ठेवणीतली शाल प्लास्टरवरून पांघरली होती.

"बसा ना. अहो साहेब, तुम्हीही बसा," ती प्रमुखाला म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला अहो म्हटलं. तो खुर्चीच्या कडेला टेकला.

"आजी, दिव्याची तक्रार सुटली ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"सुटली म्हणजे! असा लख्ख उजेड, की सुई पडली तर सापडेल."

"आणि हाताला काय झालं?"

"न्हाणीघरात घसरले. तिथला दिवा माझा मी बघायला हवा. त्याला सरकार काय करणार?"

"तो खांबावरचा दिवा आत्ता लावून दाखवता येईल?" कॅमेरावाल्यानं विचारलं.

"दिवसाढवळ्या? लोकांच्या पैशानं?"

अध्यक्षा कौतुकानं हसल्या. प्रमुख समोरच्या भिंतीकडे बघत होता. तिथं त्याचा पदवीचा फोटो असायचा. आज नुसता खिळा होता.

खाली गाडीपाशी त्याला राहवलं नाही. "मॅडम, त्या माझ्या मावशी आहेत. आणि तो दिवा बंद आहे. आमचं समाधान म्हणजे..."

"उत्तर आलं नाही की समाधान, हेच ना? शेवटच्या फेरीतल्या सगळ्याच शहरांत आहे तो नियम."

"मग?"

"बाकीच्या शहरांतले नागरिक खरं बोलले." त्या गाडीत बसल्या. "मावशींचं मला ऐकू आलं नाही, इंजिन चालू होतं. लेखी द्या, मग ऐकू येईल."

त्यानं लेखी दिलं नाही.

तो परत वर गेला तेव्हा मावशी भिंतीवर फोटो लावत होती, एका हातानं.

"जमलं का रे?"

"जमलं."

"मग आता तेवढा दिवा सांग बाबा कुणाला तरी."

त्यानं फोटो सरळ केला. मग म्हणाला, "लगेच नाही सांगता येणार. दुरुस्ती केली की तारीख पडते. तू कॅमेऱ्यासमोर दिवा लागतोय म्हणालीस. समारंभ होईस्तोवर..."

"म्हणजे लागलेला दिवा लावायचा कसा, असं ना?" मावशीला चटकन कळलं. "राहू दे. बक्षीस काय रोज मिळतं? पण अंधारात मी आता उतरायची नाही. दूध तेवढं तू आणून देत जा."

तेव्हापासून तो रोज ऑफिस सुटल्यावर दूध घेऊन त्या गल्लीत शिरू लागला. मोबाइलचा उजेड पाडत नसे. चेहरा दिसला असता. भिंतीला हात लावून चालायचा. एकदा समोरून कुणीतरी धडकलं.

"कोण ते?"

"मी... दूध द्यायला. मावशींकडे."

"तिच्याकडे? अहो, त्या बाईनं कॅमेऱ्यासमोर सांगितलं, दिवा लख्ख आहे म्हणून! आता आमची तक्रारच घेत नाहीत. गल्लीतलं कुणी बोलत नाही तिच्याशी."

तो वर गेला. मावशी एकटीच बसली होती, दार उघडं टाकून.

"शेजारी बोलत नाहीत तुझ्याशी? मला सांगितलं नाहीस?"

"त्यात काय सांगायचं?" तिनं चांगल्या हातानं पिशवी घेतली. "तू येतोस की आता रोज. आधी कुठं येत होतास?"

त्यानं पिशवी तिच्याकडून परत घेतली. दूध तापत ठेवून तो शेगडीपाशीच उभा राहिला, मावशीकडे पाठ करून.