बाबांनी घातलेली शपथ

"आमच्याकडे कुणी आजारीच पडत नाही," असं छाती फुगवून सांगणारी घरं तुम्हीही पाहिली असतील. तिथंही माणसं आजारी पडतात, फक्त सांगत नाहीत. आमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्यांचं घर त्यातलंच. बाबांना जिना चढताना धाप लागायची, पण विचारलं की उत्तर ठरलेलं, "ठणठणीत!" शेवटी भट्टीसमोर भोवळ येऊन कोसळले, तेव्हा कळलं की हृदयाची एक झडप पार आखडली होती.

झडप बदलली, तीही छाती न उघडता. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून डॉक्टरांनी नवी झडप जागेवर बसवली, आणि दुसऱ्या दिवशी बाबा खाटेवर बसून चहा पीत होते! घरात नुसता आनंदीआनंद. ठोके असेच नीट राहिले तर उद्या घरी सोडू, असं डॉक्टर म्हणाले. मुलानं त्यातलं 'उद्या घरी' एवढंच ऐकलं आणि गल्लीभर सांगत सुटला.

घरी सोडायच्या दिवशी सकाळी बाबांपाशी सून होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तिच्या. बाबांना अंग पुसायचं होतं, म्हणून सिस्टरनी ठोके दाखवणाऱ्या यंत्राच्या छातीवरच्या तारा तेवढ्यापुरत्या काढल्या. सून टॉवेल द्यायला गेली, तर बाबा बेसिन घट्ट धरून उभे. चेहरा पांढराफटक, हाकेला ओ नाही. भानावर आल्यावर पहिलं बोलले काय, तर, "कुणाला सांगू नकोस. तुला माझी शपथ आहे."

आता आली का पंचाईत! बोलावं तर बाबांची शपथ मोडली, वर आनंदावर विरजण घातल्याचं खापर नव्या सुनेच्याच डोक्यावर. गप्प बसावं तर बाबांच्या जिवाशी खेळ. तिकडे नवरा शीळ घालत पिशव्या भरत होता. डॉक्टर आले, बाबा हसून ठणठणीत म्हणाले, आणि डॉक्टर घरी सोडायच्या कागदांवर सही करायला बाहेर गेले.

सुनेचा उतरलेला चेहरा सिस्टरनी हेरला आणि तिला दाराबाहेर बोलावून काय झालं ते विचारलं. शपथ घातलीय, एवढंच ती कसंबसं म्हणाली.

सिस्टर हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे बघ, नवी झडप बसते तिला अगदी लागूनच ठोक्याचा हुकूम खाली नेणारी वाट असते. झडपेनं ती दाबली गेली, तर हुकूम पोचत नाही. चक्कर येते, कधी हृदय थांबतंसुद्धा. तारा काढल्यावर काही झालं असेल, तर ते यंत्राला कुठून कळणार? ते माणसानंच सांगायला हवं. शपथ घालणारा माणूसच राहिला नाही, तर ती पाळलीस हे दाखवणार कुणाला?"

सून धावतच सुटली. डॉक्टरांची बाही धरून तिनं सगळं भडाभडा सांगून टाकलं. नवऱ्यानं डोळे वटारले, बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पण सही थांबली आणि तारा पुन्हा छातीवर चढल्या.

आणि जेवणाआधीच यंत्र किंचाळलं! पडद्यावरची रेघ सपाट झाली होती. डॉक्टर, सिस्टर सगळे धावले. छातीवर पट्ट्या चिकटवून यंत्रानं बाहेरून ठोके दिले, तेव्हा बाबांनी डोळे उघडले. त्याच दिवशी पेसमेकर बसला. सून बोलली नसती, तर रेघ सपाट झाली तेव्हा ते घरच्या वाटेवर, गाडीत असते. नवरा ओंजळीत तोंड लपवून रडला. बाबांनी सुनेचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

घरी आल्यावर शेजारचे, चष्म्याचं दुकान चालवणारे काका भेटायला आले. निघताना बाबांच्या कानाशी लागून म्हणाले, की हल्ली त्यांनाही जिन्यात अंधारी येते, पण लेकीला कळायला नको, उगाच घाबरेल.

बाबांनी फोन उचलला आणि काकांच्या देखतच त्यांच्या लेकीला लावला. "अगं, तुझ्या बाबांना बरं नाही," ते म्हणाले. "ते सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतोय. आजच दाखवून आण."

मंडळी, आपलं दुखणं लपवून आपण घरच्यांची काळजी वाचवत नाही, आपल्याला वाचवायची त्यांची संधी तेवढी घालवतो. अंगात काही बिघडलं तर ते बोला. आणि जवळचं माणूस शपथ घालून तुमचं तोंड बंद करू लागलं, तर ती शपथ खुशाल मोडा!