फटफटीची खोळ

डोंगरकड्याच्या व्यंकटरावांनी नांदेडहून फटफटी आणली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांच्या बायकोला, चतुराबाईला झाला होता. तिचं माहेर शिरड शहापूरचं. बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत माहेरी जायचं तिच्या अगदी जिवावर यायचं. आता नवऱ्याच्या मागं बसायचं, पदर गच्च खोचायचा, की दिवस माथ्यावर यायच्या आत आईच्या दारात उभं, अशी स्वप्नं ती बघत होती.

पण मधे खोळ आडवी आली.

फटफटी दारात लागली त्या दिवसापासून व्यंकटरावांच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. उन्हानं हिचा रंग उडणार, धूळ बसणार, लिंबावरचे कावळे घाण करणार, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची दृष्ट लागणार ती वेगळीच. तेव्हा हिला झाकलं पाहिजे. पण कशानं? सतरंजीनं ओरखडे पडतात, घोंगडं टोचतं, काळं कापड ऊन ओढतं. शेवटी वसमतच्या बाजारातून पांढरंशुभ्र मांजरपाट आलं आणि चतुराबाईच्या पुढ्यात पडलं. दुपारच्या झोपा मोडून तिनं खोळ शिवली.

"झाकूनच ठेवायची व्हती त आणली काहून?" दोरा दातानं तोडत तिनं विचारलं.

"तुला न्हाई कळायचं," व्यंकटराव म्हणाले.

दिवाळी झाली, कापसाची वेचणी सुरू झाली, आणि शिरडहून तिच्या भावाचं, तातेरावचं बोलावणं आलं. 'फटफटी घेऊनच या' असा निरोप होता. चतुराबाई नवं लुगडं नेसली, केसांत फूल माळलं आणि मिरवत अंगणात आली. बघते तर फटफटीच्या मागच्या बैठकीवर खोळीची भली मोठी घडी दोरीनं आवळून बांधलेली.

"अन् मी कुठं बसू?"

"तू लालसिंगाच्या गाडीत ये. खोळ न्यावीच लागंल. तातेरावच्या अंगणात उघड्यावर उभी ऱ्हाईल ना ही."

गावाजवळच्या तांड्यावरचा लालसिंग बैलगाडी जुंपून उभा होता, चतुराबाई पदर सावरत त्याच्या गाडीत चढली. लालसिंग मोठा वल्ली माणूस. चेहरा एखाद्या पुजाऱ्यासारखा गंभीर ठेवायचा आणि त्याच चेहऱ्यानं माणसाची फिरकी घ्यायचा. फटफटी फटफटत पुढं निघून गेली, तिची धूळ चतुराबाईच्या फुलावर येऊन बसली. तेव्हा मागं न बघताच तो म्हणाला, "बाई, मालकाच्या मागं कापड बसलंय, अन् माणूस बसलंय बैलाच्या मागं. जमाना बदलून राहिला."

शिरडला फटफटीचं कौतुक जावयापेक्षा जास्त झालं. गावाबाहेर माळावर दोन फेऱ्या मारून झाल्यावर व्यंकटराव तिला अंगणात उभी करून खोळ चढवायला लागले, तसा तातेरावनं त्यांचा हात धरला.

"दाजी, गरम हाय आजून. कापड करपंल."

"मग काय उघडी ठेवू?"

"निवू द्या जराशी. मग घाला, माझं काय न्हाई. रातभर उघड्यावर उभी ऱ्हायची त खोळ पाहिजेच, दव पडतंय. पण सकाळी काढा, वारं लागू द्या. आत ओल कोंडली की लोखंड गंजतंय. अन् वाटंवर मातर खोळीचं नावबी काढू नका. वाऱ्यानं फडफडून चांगला रंग घासून जाईल."

"तुमी बैलाला झूल घालता ना?"

"पोळ्याला घालतो. औताला न्हाई."

व्यंकटरावांनी तोंड फिरवलं. मेहुण्यानं शिकवावं आणि जावयानं ऐकावं, असं त्यांच्या घराण्यात कधी झालं नव्हतं.

निघायच्या दिवशी चतुराबाईच्या आईनं फटफटीची पूजा केली. दांड्याला झेंडूचा घसघशीत हार घातला, वर हळदी-कुंकू वाहिलं. खोळीची घडी परत मागच्या बैठकीवर चढली, चतुराबाई परत बैलगाडीत चढली.

गाव मागं पडलं नाही तोच पुढं वाटेच्या कडेला फटफटी आडवी झालेली दिसली. दोरीची गाठ सुटून खोळीचं टोक साखळीत गेलं होतं. साखळीनं ते गिळलं, चाक जाम झालं, आणि व्यंकटराव फटफटीसकट बाजूच्या कापसात जाऊन पडले होते. कोपर खरचटण्यापलीकडे त्यांना काही झालं नव्हतं. पण फटफटीची साखळी तुटली होती, आणि पोटाकडून काळा धूर येत होता.

"वसमतला नेऊ," लालसिंग म्हणाला. "तिथं सरकी काढायच्या कारखान्यात इंजनाचा मिस्त्री हाय. अन् आक्काबी हायेत तिथंच."

आक्का म्हणजे व्यंकटरावांची थोरली बहीण आशाबाई. तिच्यापुढं व्यंकटरावांचा आवाज अजूनही निम्म्यावर यायचा.

गाडीत कडब्याचा थर पसरून तिघांनी फटफटी आडवी निजवली. दिवा फुटू नये म्हणून व्यंकटरावांनी डोक्याचा पटका सोडून त्याला गुंडाळला. मग साखळीतून खोळ ओढून काढली, झटकली, आणि फटफटीवर घालून चारी बाजूंनी नीट खोचायला लागले.

"अवो, आता आजून कशाला?"

"अशी उघडी नेऊ? लोक काय म्हणतील! आन् धूळ बसंल."

व्यंकटरावांच्या सासूबाईही रडकुंडीला येऊन गावातून पळत आल्या होत्या. त्यांनी 'नीट जा गं माय' म्हणत वरून आणखी एक मूठ हळदी-कुंकू टाकलं.

गाडी निघाली. व्यंकटराव गाडीत बसेनात. ते बरंच पुढं चालत होते, कारण खड्डा दिसला की हात वर करून लालसिंगला हळू करायचं होतं. डोकं उघडं, मान खाली, आणि हातात तेलाचा छोटा डबा. तो सांडू नये म्हणून तारेनं बांधून त्यांनी हातात लोंबता धरला होता.

थोडं पुढं गेल्यावर शेळ्या राखणारा एक म्हातारा वाटेच्या कडेला थांबला. त्यानं आधी व्यंकटरावांकडं बघितलं, मग गाडीकडं. लगेच त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं आणि हात जोडले.

"कोण व्हती, माय, तुमची?"

चतुराबाईला आधी काही कळलंच नाही. मग तिनं मागं वळून बघितलं. पांढऱ्या कापडाखाली एका टोकाला पटक्यानं गुंडाळलेला दिवा डोक्यासारखा वर आलेला. दुसऱ्या टोकाला चाक, पाय दुमडल्यासारखं. कडेनं झेंडूची फुलं बाहेर आलेली आणि वर हळदी-कुंकवाचा सडा. पुढं उघड्या डोक्यानं, हातात लोंबता डबा धरून, तिचा नवरा.

'फटफटी' हा शब्द अगदी ओठावर आला होता. पण त्याच वेळी तिला ती मागची बैठक आठवली, आणि तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

"सवत माझी," ती म्हणाली.

लालसिंगचे खांदे जरासे हलले. पण तो वळला नाही.

"अरारारा! तरणीच व्हती काय?"

"नवीच आणली व्हती."

"अन् झालं काय?"

"पोटातून धूर निघाला, बाबा," लालसिंग गंभीरपणे म्हणाला. "जागच्या जागी बंद पडली."

"धूर?" म्हातारा मान हलवत राहिला. "काय काय रोग निघून राहिलेत दुनियेत."

त्यापुढं वाटेत कुणी विचारलं, की चतुराबाईचं उत्तर तयार असायचं. तिला आता गंमत वाटायला लागली होती. सवतीवर मालकाचा जीव किती होता, रोज अंग पुसून द्यायचे, ऊन लागू द्यायचे नाहीत, सगळं ती सांगायची, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. कापूस वेचणाऱ्या बाया वेचणी सोडून बांधावर यायच्या, 'एवढा जीव!' म्हणून डोळ्याला पदर लावायच्या.

तेवढ्यात मागून एक सायकल आली. सायकलवर वसमतचा हरिचंद, अडत्याकडचा मुनीम. आशाबाईच्या गल्लीतलाच. त्यानं हळूच विचारलं, तिनं सवयीनं हळूच सांगितलं.

"पण पुढं चालून राहिले ते आशाबाईचे भाऊच ना? त्यांना धाकटी होती? आमाला मालूमच न्हाई!"

आणि तिनं तोंड उघडायच्या आत हरिचंदनं पायडलवर पाय मारला. "अहो थांबा!" ती ओरडली, पण सायकल धुळीत दिसेनाशी झाली.

"आता बातमी आपल्या आधी पोचंल," लालसिंग म्हणाला.

नवऱ्याला सांगून टाकावं म्हणून चतुराबाईनं हाक मारली, "अवो, ऐकता का?"

"बोलू नको," व्यंकटरावांनी हात वर केला. "खड्डा हाय."

मग तिनंही म्हटलं, जाऊ दे.

वसमतला आशाबाईच्या दारात माणसं दाटली होती. चुलाणावर पाण्याचं घंगाळ तापत होतं. आशाबाईचे यजमान संतराम कुठूनतरी बांबू घेऊन आले होते आणि ते कुठं ठेवावेत ते न कळून खांद्यावरच घेऊन उभे होते. आशाबाईचा जीव दोन्हीकडून ओढत होता. भावानं न विचारता दुसरं लग्न केलं म्हणून त्याला सोलून काढावासा वाटत होता, आणि गेलेल्या जिवाचं रडणंही कर्तव्य होतं. गाडी दिसताच तिनं आधी रडायचं ठरवलं.

"अगं माझी माय गं! न बघताच गेलीस गं!"

बायांनी एकदम गळा काढला. व्यंकटराव जागीच थबकले. फटफटीसाठी कुणी एवढं रडेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. रस्ताभर आवरून धरलेलं त्यांचं दुःख उसळून वर आलं.

"आक्का," ते हुंदका देत म्हणाले, "लय गुणाची व्हती गं! एक लाथ मारली की चालू व्हायची!"

रडणं थांबलं.

"लाथ?" आशाबाई म्हणाली. "तू लाथा मारायचास तिला?"

"रोज सकाळी. थंडीत दोन-तीन माराव्या लागायच्या."

"मुडद्या! आणलीस तरी कुठून तिला?"

"नांदेडहून. आधी एका सायबाकडं व्हती. त्यो विलायतेला निघाला, मग मी घेतली."

बायांनी एकमेकींकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावले. संतरामच्या खांद्यावरचे बांबू खाली पडले. इकडं गाडीत चतुराबाई गुडघ्यात तोंड खुपसून गदगदा हलत होती. एक म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बघा, सवतीसाठी एवढं रडून राहिली. केवढं मन म्हणावं!" त्यावर चतुराबाई आणखीच हलायला लागली.

"तोंड तरी बघू दे मला तिचं," म्हणत आशाबाई गाडीवर चढली आणि तिनं खोळीला हात घातला.

"आक्का, हळू! रंग जाईल!" व्यंकटराव ओरडले.

खोळ निघाली. झेंडूच्या हारातून फटफटीचा दांडा वर आला. पटका सुटला, दिव्याच्या काचेत आशाबाईला स्वतःचंच तोंड दिसलं.

बायांचे पदर तोंडावरून खाली आले.

"कोण म्हणालं हिला सवत?" आशाबाईनं विचारलं. हरिचंदनं चतुराबाईकडं बोट केलं. लालसिंग बैलाच्या शिंगांकडं बघायला लागला.

व्यंकटरावांना आता कुठं सगळं उमगत होतं. ते कानापर्यंत लाल झाले. "तू म्हणालीस? सवत?"

चतुराबाईनं डोळे पुसले. हसून हसून डोळ्यांना पाणीच आलं होतं. पण बोलताना आवाजात हसू नव्हतं. "व्हय, म्हणाले. माझ्या जागी जिचं कापड बसवलं, तिला काय म्हणायचं ते तुमीच सांगा. मी तिची खोळ शिवली, अन् खोळ बसली तुमच्या मागं. मी मातर धूळ खात आले."

व्यंकटरावांनी तेलाचा डबा या हातातून त्या हातात घेतला. आशाबाईनं भावाकडं बघितलं, मग भावजयीकडं, आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "पाणी वाया घालवायचं न्हाई," एवढंच म्हणून तिनं खोळ गोळा केली आणि उकळत्या घंगाळात बुडवली. तेलाचे डाग काही गेले नाहीत. पुढं तिनं खोळीचे तुकडे फाडून पोतेऱ्याला लावले.

मिस्त्रीनं फटफटी नीट करेपर्यंत लालसिंग रिकामी गाडी घेऊन परत निघूनही गेला. मग व्यंकटरावांना चतुराबाईला मागं बसवून डोंगरकड्याला जावंच लागलं, आणि तेही सावकाश. कारण बातमी आता वसमतच्या पुढंही गेली होती, आणि त्यांची एकुलती एक बायको धडधाकट आहे हे लोकांना दिसायला हवं होतं. चतुराबाईनं पदर गच्च खोचला होता. वाटेतल्या एका गावात पारावर बसलेल्या माणसांनी त्यांना बघितलं, आणि एकजण दुसऱ्याला म्हणाला, "काल एक गेली, अन् आज तिसरी घेऊन निघाला बी!"

व्यंकटराव थांबून समजावून सांगायला निघाले होते. चतुराबाईनं त्यांच्या पाठीत बोट खुपसलं.

"चला हो. थंड पडू देऊ नका हिला, न्हाईतर परत लाथ मारावी लागंल."

त्या हिवाळ्यात तिनं फटफटीसाठी जाड खादीची दुसरी खोळ शिवली. ही खोळ घरच्या लिंबाखालीच राहायची. फटफटी निवली की रात्री घालायची, सकाळी काढायची. ती काढायचं काम व्यंकटराव स्वतः करायचे, आणि कुठं जायचं म्हटलं की बायकोला आधी विचारायचे, "बसतीस का?"

कधी ती बसायची. कधी मुद्दाम म्हणायची, "आज न्हाई, आज खोळीला न्या."