बिनघुंगरांचे पैंजण

माझ्या तेजूच्या पैंजणांचे घुंगरू विपुलने पकडीने तोडले. तिचे पाय मांडीखाली दाबून, एकेक करून. ती रडायला लागली तसा एक फटका बसला आणि ती गप्प झाली. आमच्या घरात दोन वर्षांच्या मुलीलाही हुंदका गिळता येतो.

माझा नवरा विपुल नेरळला प्लॉट विकतो. दिवसभर फोन, जेवताना फोन, मोरीत फोन. डोकं ठणकायचं, झोप यायची नाही. कोणीतरी त्याला खालापूरजवळच्या शिबिरात नेलं आणि तिथून तो ध्यान शिकून आला. मला बरं वाटलं होतं. पण ध्यानही शेवटी फोनवरच आलं. संध्याकाळी अंगणात चटई टाकायची, पडवीच्या खांबाला पाठ टेकायची, कानात इअरफोन खुपसून डोळे मिटायचे. संपलं की स्क्रीनवर ज्योत पेटते, ती शिबिराच्या ग्रुपवर टाकायची. मध्येच उठलं तर ज्योत विझते आणि सगळं पहिल्यापासून.

पहिल्यांदा ती कुकरच्या शिट्टीने विझली. त्याने गरम कुकर अंगणात भिरकावला आणि माझा हात पाठीमागे पिरगळला. दुसऱ्यांदा कुत्रं भुंकलं. ते कुत्रं आता नाही. तिसऱ्यांदा तेजूचे घुंगरू.

मग सासूबाईंनी मैनेच्या गळ्यातल्या घंटेत फडक्याचा बोळा कोंबला. मैना आमची म्हैस, नुकतीच व्यालेली.

"आई, घंटा वाजली नाही तर ती सुटलेली कळणार कशी?"

"गप गं हर्षला. पोर ध्यानच करतंय ना, दारू तर नाय पित? आळीत जाऊन बघ, लोकांचं नवरं गटारात पडल्यात."

"आणि तेजू कुठे गेली ते?"

"डोळं हायेत ना तुला? शिकलेली ना तू?"

डोळे होते. त्या घरात लक्ष द्यायला खरं कोण शिकलं असेल तर मी. विपुलच्या नाकपुड्या बघून मला कळायचं. श्वास आत अडकला की हात सुटतो. त्या मधल्या क्षणात तेजूला मागे ओढायचं.

त्या संध्याकाळी मैनेचं रेडकू ओरडत होतं. विपुलने त्याला गोठ्यातून फरफटत घरामागे नेलं आणि काठी तुटेपर्यंत झोडलं. नाकातून रक्त आलं तेव्हा ते गप्प झालं. मग त्याच रक्ताळलेल्या सदऱ्यात तो चटईवर बसला आणि डोळे मिटले.

मी भाकरी करत होते, थापटल्याचा आवाज नको म्हणून बोटांनी दाबून दाबून. वळून बघितलं तर तेजू मागे नव्हती. घुंगरू असते तर तिने उंबरा ओलांडलेला ऐकू आला असता. खाटेखाली बघितलं, मोरीत बघितलं. हाक मारायची सोय नव्हती. दारात आले.

तेजू अंगणाच्या मधोमध उभी होती, ओठांवर बोट ठेवून. आम्हीच शिकवलेलं. समोर मैना. तुटलेलं दावं लोंबत होतं, घंटा हलत होती आणि वाजत नव्हती. मान खाली घालून ती विपुलच्या सदऱ्यावरचं रक्त लांबूनच हुंगत होती, आणि दोघांच्या मध्ये माझी पोर.

मी धावले. दंड धरून तेजूला असं हिसडलं की तिचा खांदा कट्‌कन वाजला. दोघी तुळशीच्या कट्ट्यामागे पडलो. मैना अजून निघायची होती, खुराने माती उकरत होती. एक हाक मारण्याइतका वेळ होता. विपुलचा श्वास मला दिसत होता. आत, बाहेर, संथ.

मी ओरडले नाही. घरात तोच नियम होता.

शिंग बरगडीखाली लागलं. तिने त्याला खांबावर रगडलं, उचललं, पुन्हा रगडलं. सासूबाई छाती बडवत बाहेर आल्या, "मेला गं माझा पोर! मेला!" तेजूने त्यांच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

तो मेला नाही. छातीला पट्टे बांधून कर्जतच्या दवाखान्यातून घरी आला. तोवर मी सोनाराकडून नवे घुंगरू बसवून आणले होते आणि घंटेतला बोळा चुलीत घातला होता.

संध्याकाळी तो खाटेवर टेकला, इअरफोन लावले. तेजू छुमछुम करत पायथ्याशी गेली. त्याचे डोळे उघडले. नाकपुड्या ताणल्या, श्वास आत अडकला. हात वर जायच्या आत मी खाटेवर बसले आणि तळवा त्याच्या पट्ट्यावर ठेवला, बरगड्या मोडल्या होत्या तिथे. दाबला.

"हर्षला... आई गं... सोड..."

"श्वास घे," मी म्हटलं. "हळू. लक्ष इथे."

तेजू पायथ्याशीच थबकून आमच्याकडे बघत होती. एक पाय उचललेला, चवड्यावर टेकवायला.

"चाल गं बाय," मी म्हणाले. तळवा तिथेच होता. "पाय आपटून चाल."