सहावा खड्डा

इंजिनीअर टेप घेऊन दारात उभा राहिला आणि इंदूबाई लगबगीने कोपऱ्यातल्या आपल्या बाजेपाशी जाऊन उभी राहिली. घरावर मजला चढणार म्हटल्यावर बाईमाणूस गावभर सांगत फिरतं. ही मात्र आठ दिवसांपासून धड जेवली नव्हती.

बेत तसा साधाच होता. सून मोनाली पाचव्या महिन्यात होती. बाभुळगावातल्या या दोन खोल्यांत पाळणा बांधायचा कुठे, म्हणून मुलाने, प्रफुल्लने, वर एक खोली काढायचं ठरवलं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी हे घर बांधलं, तेव्हा नवरा उकंडा एसटीवर ड्रायव्हर होता. तो मुक्कामाच्या गाडीवर, आणि बांधकामावर इंदूबाई. इकडची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. म्हणून खालचा पक्का मुरूम लागेपर्यंत कॉलमचा खड्डा खोदायचा, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. पाच खड्ड्यांना सात फुटांवर मुरूम लागला. सहाव्याला नऊ फुटांवरही काळीच माती. मिस्तरी म्हणाला, अजून चार दिवस लागतील. पण दुसऱ्याच दिवशी चौदा एप्रिल होता. बाबासाहेबांच्या जयंतीला वंदना घेऊन सहाही कॉलम भरायचे, असं इंदूबाईने साऱ्या नात्यात सांगून ठेवलेलं. भन्तेजी यायचे होते, पाहुणे येऊन बसले होते. चारचौघांत हसं नको म्हणून ती म्हणाली, "टाका भरून."

कॉलम उभा राहिला, आणि त्या दिवसापासून भीती तिच्या पाठीस लागली. दर मे महिन्यात त्या कोपऱ्यात भेग पडायची. घरात कोणी नसलं की ती पांढरं सिमेंट कालवून बोटाने भरायची. भिंतीत बारीकसा कट् आवाज झाला तरी तिच्या हातातलं काम थांबायचं. तिची बाजही त्याच कोपऱ्यात. पंख्याचा वारा तिथवर पोचायचा नाही, उकंडा चिडवायचा, पण ती म्हणायची, "मले इथंच बरं वाटते." पाहुणा आला तरी ती जागा तिने कधी कोणाला दिली नाही.

"सगळे कॉलम मुरमापर्यंत गेले होते ना?" इंजिनीअरने विचारलं.

"गेलते म्हणजे!" उकंडा छाती काढून म्हणाला. "मी तं गाडीवर होतो. पर प्रफुल्लच्या मायनं सोता उभं राहून खोदून घेतले. मिस्तरी भ्याचा तिले!"

ही बढाई तो एकोणीस वर्षं मारत आला होता. इंदूबाईने मान खाली घातली. इंजिनीअरने वहीत बरोबरची खूण केली. बोलावं तर नवऱ्याचं नाक कापलं जातं, न बोलावं तर वर अख्खी खोली चढते.

तेवढ्यात मोनाली बाजेच्या कोपऱ्याकडे बोट करून हसत म्हणाली, "पाळणा वरच्या खोलीत या कोपऱ्यावर बांधू बरं, आई. तिथं हवा मस्त येईन."

"नाही!" इंदूबाई एवढ्या जोरात ओरडली की मोनाली दचकून मागे सरली. "त्या खड्ड्यात मुरूम नाही लागला. खाली काळीच माती हाय. मीच बुजवाले लावला."

उकंडाचं तोंड उतरलं. इंजिनीअरने कोपऱ्यात जाऊन नखाने पांढरं सिमेंट खरवडलं, भेगेत बोट घालून पाहिलं.

"वर काही चढवू नका. आधी हा पाया उकरून पाहावा लागेल. तोवर इथं कोणाला झोपू देऊ नका." मग त्याची नजर बाजेवर गेली. "ही कोणाची?"

उकंडा बायकोकडे पाहत राहिला. एकोणीस उन्हाळे ती पंख्याच्या वाऱ्याबाहेर का झोपली, ते त्याला आत्ता कळलं. त्याने बाजेची कड धरली.

"मले काहून नाही सांगितलं?" त्याने विचारलं.

इंदूबाईने बाजेची दुसरी कड उचलली.

"सांगितलं असतं तं इथं तुम्ही झोपले असते."