हळदीचं बोट

पिवळं बोट. फ्लॉपीच्या काळ्या चौकोनी पाकिटाला जी लांबट खिडकी असते — जिच्यातून आतली तपकिरी चकती उघडी दिसते, जिला हात लावू नका म्हणून छापखान्यातला कॉम्प्युटर बघणाऱ्या आनंदने चार वेळा बजावलं होतं — नेमकं तिथेच, ठसठशीत, ओल्या हळदीचं बोट. सरोजला आधी वाटलं, डाळ सांडली असेल. मग वास आला.

देव्हाऱ्यात काल रात्री जपून ठेवलेली फ्लॉपी, शेजारी हळदीची वाटी, आणि हाताच्या अंतरावर खाटेवर आई. जनाबाई. शिमग्याला तिचं उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही. आता ती डावं बोट पदराला पुसत होती, आणि चेहऱ्यावर कोण समाधान!

"काय केलंस गो आये!"

आईने नुसती मान हलवली — झालं, आता काही भीती नाही, अशी.

चूक कुणाची? आपलीच मेलीची. काल रात्री जेवताना कोण सांगत होतं — मशीनला रोग लागला होता आये, तुझी गाणी तेवढी धडधाकट बाहेर काढली? रोगातून उठलेल्याला आई हळद लावणार नाही तर काय करणार? अख्ख्या चेंदणी कोळीवाड्याच्या लग्नांत धवले गाणारी धवलारीण ती. मांडवात भटजीच्या आधी तिचा मान, आणि तिने गायल्याशिवाय कुठल्या नवरीच्या अंगाला हळद लागली नाही.

बसमध्ये सरोजने फ्लॉपी मांडीवर आडवी धरली. पुसू? नको, ओरखडा उठला तर… वाळू दे? वाळलेली हळद तर भिंतीवरूनही जात नाही. वागळे इस्टेटमधला छापखाना यायला अजून पाच थांबे. एकशे बारा धवले. दोन वर्षं रोज संध्याकाळी आई म्हणायची, ही वहीत उतरवायची, आणि दुसऱ्या दिवशी छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत टाइप करायची. मग वही रद्दीत! आता मशीनमध्ये आहे ना सगळं, वहीचं काय लोणचं घालायचंय? प्रिंट — काढू एकदम, पूर्ण झाल्यावर. किती ती अक्कल…

आणि काल किती सांभाळून काढली होती! व्हायरस प्रोग्रॅमला चिकटतो, लिहिलेल्याला नाही, असं म्हणत आनंदने मशीन स्वतःच्या फ्लॉपीवरून चालू केलं, ऑफिसातल्या सगळ्या फ्लॉप्या बाद ठरवल्या, एक नवी कोरी पाकिटातून काढली, फक्त गाणी तिच्यावर उतरवली, तपासली, आणि कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली — आता हिच्यावर कुणालाच काही लिहिता येणार नाही, म्हणाला. कुणालाच! सरोजला त्या भरल्या बसमध्ये हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले.

छापखान्यात नवं मशीन टेबलावर येऊन बसलं होतं. चाळिशीतला, चष्मा कपाळावर ठेवून वावरणारा आनंद स्क्रू आवळत होता. त्याने फ्लॉपी घेतली, उजेडात धरली आणि खाली बसला.

"सरोजताई, हे काय?"

"हळद."

"अहो, मी काल जुनं मशीन साफ उडवलं ना. एवढीच कॉपी होती."

"माहितीये मला."

त्याने चष्मा नाकावर आणला. अशीच घातली तर नव्या मशीनचं चकती वाचणारं हेड खराब होईल, म्हणाला. पाकीट कापायचं, चकती बाहेर काढून पाण्यात धुवायची, सुकवून दुसऱ्या पाकिटात सरकवायची. कधी येतं सगळं, कधी अर्धं येतं, कधी काहीच नाही. आपण असं एकदाच केलंय, म्हणाला.

त्याने कात्री उचलली. सरोज कात्रीकडे बघत होती. अर्धं — म्हणजे कुठलं अर्धं? निदान पहिला धवला तरी आठवावा, कापायच्या आधी, पटकन… हळद कुटली, हळद दळली, हळद… पुढे? पुढे काहीच नाही. दोन वर्षं बोटांनी लिहिलं आणि डोक्यात नुसती अक्षरं, तीही एकेक तपासलेली, शुद्ध. आई म्हणायची 'हलद', ही टाइप करायची 'हळद'. आई म्हणायची 'पानी', ही 'पाणी'. छापलेलं वाचून लोक हसायला नकोत. आईने एकदा विचारलं होतं, अजून तोंड चालत होतं तेव्हा — अगो सरू, सगला लिवतंस ना, मी बोलतंय तसाच? आणि ही बेधडक म्हणाली होती, हो.

मग काल एवढ्या सोवळ्याने रोगातून वाचवलं ते कुणाचं?

पंखा गरगरत होता. बोटांना हळदीचा वास येत होता, सकाळपासून, धुतली तरी. सरोजने ती नाकाशी नेली. डोळे मिटले.

"कापू?" आनंदने विचारलं.

"थांबा जरा."

हलद कुटली… ओठ हलले, आवाज फुटला नाही. हलद कुटली, हलद दलली, हलद लागली अंगाला… आणि पुढची ओळ जिभेच्या टोकावर आली होती, आईच्या आवाजात, तिच्या त्या 'ल'ला टेकून, आणि सरोज श्वास रोखून तिची वाट बघत होती.